घरची साबण पावडर करण्याआधी पाणी तपासा

तुम्ही विचारलंय की साबणाची वडी किसून त्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ मिसळलं, तर विकतच्या पावडरीचा खर्च वाचेल का, हे मिश्रण फ्रंट लोड मशीनला चालेल का, आणि बाळाच्या कपड्यांसाठी ते जास्त सुरक्षित असेल का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या नळाला कसलं पाणी येतं यावर बरीच अवलंबून आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

या कृतीतून जे तयार होतं तो साबण असतो, डिटर्जंट नव्हे. दोन्हींना फेस येतो, दोन्ही तेलकट मळ सोडवतात, पण जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात त्यांचं वागणं अगदी वेगळं असतं. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की त्याचा न विरघळणारा, चिकट, पांढुरका साका होतो. बादलीच्या कडेला आणि बाथरूमच्या फरशीवर जो थर धरतो, तोच हा. साका झालेला साबण मळ काढायला उपयोगी पडत नाही, उलट स्वतःच कपड्याला चिकटतो. कृत्रिम डिटर्जंट पुढे आले त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं, की ते जड पाण्यात असा साका धरत नाहीत.

हे किती महागात पडतं ते आकड्यांत बघा. पाण्याचा जडपणा लिटरला किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असा मोजतात. ६० पर्यंतचं पाणी मऊ, १८० च्या पुढचं खूप जड. बोअरच्या पाण्यात ३०० सहज सापडतं. असं २० लिटर पाणी बादलीत घेतलं तर त्यात ६ ग्रॅम जडपणा असतो आणि तो सुमारे ३७ ग्रॅम शुद्ध साबण गिळून टाकतो. त्यानंतर जो साबण पडेल तो धुण्याच्या कामाचा. वडीत पाणी आणि इतर भरही असते, म्हणजे प्रत्यक्षात वडी याहून जास्तच जाते. हाच ६ ग्रॅम जडपणा धुण्याच्या सोड्याने उतरवायचा, तर हिशेबाने साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर सोडा पुरतो. तुमच्या कृतीत खरी बचत करणारा घटक कोणता, ते यातून कळेल.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सारख्या आकाराच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी, दोन्हीत सारख्याच पातळीपर्यंत. साध्या साबणाचा चिमूटभर कीस दोन्हींत टाका आणि जोरात हलवा. (भांडी घासायचं लिक्विड यासाठी चालत नाही, ते डिटर्जंटच असतं.) दुसऱ्या बाटलीत फेस उभा राहील आणि खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. नळाच्या बाटलीतही तसंच दिसलं, तर तुमचं पाणी मऊ आहे आणि घरची पावडर करून बघायला हरकत नाही. पाणी दुधाळ होऊन फेस लगेच बसला, वर गुठळ्या तरंगायला लागल्या, तर साबण किसण्याचे कष्ट घेऊ नका.

इथे पुष्कळ जण म्हणतात, सोडा घातलाच आहे ना मिश्रणात, मग जडपणा जाईलच. धुण्याच्या पाण्यातला जाईल, तोही सोडा पुरेसा असला आणि आधी विरघळला तर. पण नंतर खळबळायला घेता ते पाणी पुन्हा जडच असतं, आणि त्यात सोडा नसतो. पिळल्यावरही धाग्यांत थोडा साबण उरलेला असतो, त्याचा साका तिथेच, कपड्याच्या आत तयार होतो. एका धुण्यात काही जाणवत नाही. पण काही महिन्यांत टॉवेल पाणी टिपेनासे होतात, पांढरे कपडे मळकट करडे दिसायला लागतात, गडद रंगांवर पांढरी झाक येते, आणि कपडा ओला झाला की कुबट वास सुटतो. घरची पावडर पहिल्या महिन्यात सगळ्यांना आवडते ती म्हणूनच. तिची खरी परीक्षा नंतर होते.

आता बाकीचे घटक. मीठ काढूनच टाका. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात मीठ घालतात हे खरं, पण तिथे ते आतल्या रेझिनला, म्हणजे पाण्यातला जडपणा धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांना, पुन्हा कामाला लावण्यासाठी असतं. नुसतं मीठ पाण्यात टाकून जडपणा कमी होत नाही. शिवाय मिठामुळे साबण नीट विरघळत नाही. साबण कारखान्यात तयार साबण द्रावणातून वेगळा काढायला मीठच वापरतात. खाण्याचा सोडाही इथे वजन वाढवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. त्याच्या द्रावणाचा पीएच (द्रावण किती अल्कलीयुक्त आहे त्याचं माप) ८.३ च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर जातो, आणि तेलकट मळाला तो जोर लागतो. घरात खाण्याचा सोडा भरपूर पडून असेल तर ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडा उरतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम झाले की काम पूर्ण झालं समजा. ट्रे अॅल्युमिनियमचा नको, सोडा त्याला खातो.

धुण्याचा सोडा विकत घेताना एक पाहा. खड्यांच्या रूपातल्या सोड्यात वजनाच्या ६३ टक्के पाणीच असतं. कोरडी पांढरी पूड, जिला सोडा अॅश म्हणतात, ती जवळपास पूर्ण सोडा असते. म्हणजे किलोचा भाव सारखा असला तरी खडे जवळजवळ पावणेतीनपट महाग पडतात.

पैसे वाचवायचे असतील तर माझा सल्ला असा: डिटर्जंट विकतचाच ठेवा, पण कमी घाला, आणि जड पाण्याचा भार सोड्यावर टाका. बाजारच्या पावडरीत असं बरंच असतं जे घरी बनत नाही. रक्त, दूध, घाम यांतली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसू न देणारे पदार्थ, हे साबण आणि सोड्याच्या मिश्रणात कुठून येणार? पण त्याच पावडरीचा बराच भाग जड पाण्याशी झुंजण्यात खर्च होतो, आणि ते काम स्वस्तातला सोडा करू शकतो. आधी सोडा थोड्या गरम पाण्यात विरघळवून ड्रममध्ये किंवा बादलीत घाला, मग डिटर्जंट नेहमीच्या दोन तृतीयांश. दोन-तीन आठवडे कॉलर, काखा आणि उशीचे अभ्रे यांच्यावर लक्ष ठेवा. ते स्वच्छ निघत असतील तर प्रमाण आणखी उतरवा. तेलकटपणा राहायला लागला की एक पायरी वर या. सोडाही हिशेबानेच घाला. त्याने जडपणा खाली बसतो तो बारीक चुन्यासारखाच, आणि अति झाला तर कपडे कडक होतात. गडद कपड्यांना म्हणून तो बेताचाच बरा.

आत्ता तुम्ही पावडर जास्त घालताय का, हेही बघून घ्या. धुतलेले टॉवेल काहीही न घालता नुसत्या पाण्यावर मशीनमध्ये फिरवा. काचेतून फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांचा न निघालेला डिटर्जंट आहे. अशा घरात काहीही नवीन न बनवता, फक्त माप कमी करून खर्च उतरतो. आणि तुलना करताना किलोचा भाव धरू नका, एका धुण्याला किती खर्च येतो तो काढा. साबण किसून, उकळून केलेलं बादलीभर लिक्विड पाहून खूप वाचल्यासारखं वाटतं, पण त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि एका धुण्याला ते पेला भरभरून लागतं.

तुमचं पाणी मऊ निघालं आणि करून बघायचंच असेल, तर कपडे धुण्याच्या साध्या वडीचा अगदी बारीक, वाळवलेला कीस १०० ग्रॅम आणि कोरडा सोडा २०० ग्रॅम, एवढंच घ्या. अंगाचा साबण नको, त्यात सुगंध आणि त्वचा मऊ ठेवणारे पदार्थ असतात, ते कपड्यात राहतात. वापरताना दोन मोठे चमचे पावडर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच घाला. गार पाण्यात कीस तसाच राहतो आणि कपड्याच्या घड्यांत चिकटून बसतो.

फ्रंट लोड मशीनमध्ये मात्र मी हे मिश्रण मऊ पाण्यातही घालणार नाही. ती कमी पाण्यावर चालते आणि कपडे आपटून धुते. साबणाचा फेस जास्त झाला की आपटणंच होत नाही, आणि उरलेला साबण ट्रे, पाइप आणि दाराच्या रबरात साचत जातो. मशीन बिघडलं तर दुरुस्तीत वर्षभराची बचत जाईल. हाताने धुता त्या कपड्यांपुरतं ते ठेवा.

लोकर आणि रेशीम यांना सोडा अजिबात लावू नका. हे धागे प्रथिनांचे, अल्कली त्यांना कमजोर करते. त्यांना रिठ्याचं पाणी छान मानवतं. रिठ्यातलं सॅपोनिन, म्हणजे त्यातला फेस आणणारा घटक, सौम्य असतं. रोजच्या मळक्या कपड्यांना मात्र ते पुरत नाही.

व्हिनेगरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण धुण्यात ते घालायचा सल्ला तुमच्यापर्यंत पोचेलच. सोड्यात व्हिनेगर घातलं की फसफस होते आणि दोघांचाही जोर संपतो. साबणात घातलं तर साबण फुटतो. क्लोरीन ब्लीचबरोबर तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. अॅसिड स्लरी, म्हणजे डिटर्जंटचा आम्लधर्मी कच्चा माल, आणून घरी पावडर बनवायचे व्हिडिओही फिरतात. ती स्लरी कातडी आणि डोळे जाळते, सोड्यात मिसळताना तापते आणि उसळते. लहान मूल असलेल्या घरात तो उद्योग करू नका. साधा सोडा हाताळतानाही हातमोजे घाला, पूड डोळ्यांत उडू देऊ नका आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

राहिले बाळाचे कपडे. घरी केलं म्हणजे सौम्य, असं इथे होत नाही. साबण आणि सोडा दोन्ही अल्कलीयुक्त, आणि नाजूक त्वचेला कपड्यात राहिलेली अल्कली टोचते. लंगोटांवर साका बसला तर ते ओल शोषत नाहीत, म्हणजे बाळ जास्त वेळ ओलं राहतं. रंग-वास नसलेलं साधं डिटर्जंट कमी मापात घाला आणि एकदा जास्त खळबळा. लंगोट आधी गार पाण्यातून काढून मग गरम पाण्यात धुवा. गरम पाणी आधी लागलं तर प्रथिनांचे डाग पक्के बसतात. पूर्वी साबणाने धुतलेले लंगोट आत्ताच पाणी टिपेनासे झाले असतील, तर गरम पाणी, थोडा सोडा आणि थोडं डिटर्जंट यांत काही तास भिजत घालून, निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळून काढा.