प्रीमियर पद्मिनी आणि प्रीमियर ११८ एनई यांपैकी जुनी गाडी म्हणून कोणती घ्यावी?

सुट्टीच्या दिवशी घाटातून चालवायला गाडी हवी, असं तुम्ही लिहिलंय. मग ११८ एनईच घ्या. बहुतेक जण पद्मिनी सुचवतील, कारण आठवणी तिच्याशी जोडलेल्या आहेत. आमच्या घरी दोन्ही होत्या आणि दोन्ही मी भरपूर चालवल्यात.

प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ पासून पुढची बरीच वर्षं या दोन्ही एकाच वेळी विकल्या, म्हणून त्या एका पिढीच्या वाटतात. तशा त्या नाहीत. पद्मिनी म्हणजे फियाट ११००. आपल्याकडे ती १९६४ मध्ये 'डिलाइट' नावाने आली, आणि तिच्या १०८९ सीसी इंजिनाचं मूळ तर १९३७ च्या फियाटमध्ये सापडतं. एनईचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा, स्पेनच्या सेआट या कार कंपनीमार्फत आलेला. इंजिन मात्र निसानचं, ए१२.

हा फरक चढावर लगेच कळतो. पद्मिनीची ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढायची तर दुसरा गिअर टाकून, टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवून शांतपणे जायचं. एनईचं इंजिन ११७१ सीसीचं आणि ५२ हॉर्सपॉवरचं. शिवाय त्याची क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, पाच मेन बेअरिंगच्या आधारावर फिरते, पद्मिनीची तीनच्या. त्यामुळे एनई वरच्या वेगातही कुरकुरत नाही. मागच्या सस्पेन्शनला पद्मिनीत पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, एनईत कॉइल स्प्रिंग. रिकामी पद्मिनी खराब रस्त्यावर मागून उडते, एनई चाकं टेकवून वळते. इतकी गुणी गाडी लोक विसरले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर मला आजही मनापासून आवडतो. पुढच्या सलग सीटवर तिघं बसून गप्पा मारत जाण्यातली मजा एनईत नाही. मात्र त्या गिअरच्या लिंकेजचे, म्हणजे जोडदांड्यांचे, बुश झिजले की गिअर शोधावा लागतो, तेव्हा घेण्याआधी तेवढं तपासा.

पार्टच्या बाबतीत पद्मिनी कितीतरी पुढे. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत धावली, त्यामुळे तिचं सामान अजून मिळतं आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिकही आहेत. एनईच्या काचा, मागचे दिवे, बीडिंग (कडेच्या पट्ट्या) शोधताना दमछाक होते. म्हणून एनई घ्याल ती पूर्ण घ्या. एक दिवा कमी असलेली स्वस्त गाडी सोडून द्या. इंजिन पुन्हा बांधता येतं. पत्रा सडला असेल तर खर्चाला अंत नाही. दोन्हींमध्ये मॅट उचलून फ्लोअर बघा, दरवाज्यांच्या खालच्या कडा बोटाने दाबून बघा.

आणि व्हिंटेज नोंदणी, म्हणजे खूप जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी, डोक्यात असेल, तर त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. एनई त्यात बसत नाही. मग सरळ जुनी डिलाइट किंवा सुरुवातीच्या वर्षांतली पद्मिनीच शोधा; फक्त अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही.