तळ्यातल्या जिताड्याला गाबोळी का नाही?

प्रश्न : आमचे सासरे खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडतात. दोन-अडीच किलोचे मासे निघतात, पण पोटात गाबोळी (अंडी) एकदाही मिळाली नाही. पाणी वाईट असेल का?
– एक वाचक, पेण

उत्तर : ताई, पाण्याला बोल लावू नका. तुम्ही चिरता ते सगळे नर! जिताडा तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. पुढे सहा-आठ वर्षांचा होऊन तीन फुटांच्या आसपास गेला, की त्याच नराची मादी होते. तुमच्या तळ्यात एवढं आयुष्य कुणाला लाभतंय? पाहुणे आले की जाळं पडतंच.

आणि समजा एखादा राखलात, तरी गोड्या पाण्यात तो अंडी घालणार नाही. त्याला खाडीच्या मुखाजवळचं खारं पाणी लागतं. पावसाळ्याच्या सुमारास मादी तिथे लाखोंनी अंडी सोडते. बारीक पिल्लं भरतीबरोबर आत खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, शिरतात. सासऱ्यांना सापडतात ती हीच.

न विचारलेलं एक सांगते. पिल्लं एका मापाची निवडायला सांगा. मी एकदा बादलीत बारा घेऊन निघाले, घरी मोजली तर अकरा. सगळ्यात मोठ्याच्या तोंडातून बाराव्याची शेपटी लोंबत होती, आणि तो निवांत पोहत होता! आपल्या निम्म्या लांबीचं भावंडही तो सहज गिळतो.