गुण सारखे, वाटा वेगळ्या

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जवळजवळ सारखेच गुण मिळाले. एकाचे आईवडील उच्चशिक्षित आहेत; तो पदवीच्या दीर्घ वाटेला लागला. दुसऱ्याच्या घरात शाळेपलीकडे कोणी शिकलेले नाही. त्याने दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम निवडला. मी त्याच्या वडिलांना समजावले, तेव्हा ते म्हणाले, “आम्हाला ते झेपणार नाही, बाई.” पालकांनाच शिक्षणाची ओढ नसेल, तर शाळेने काय करावे?

उत्तर : वडिलांचे वाक्य आपण नेमके टिपले आहे, मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. “झेपणार नाही” असे म्हणणारा माणूस ओढ नसल्याचे सांगत नाही, तर आपण हिशेब केला आहे एवढेच सांगतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमों बुदों यांनी १९७०च्या दशकात शैक्षणिक विषमतेचे दोन थर वेगळे करून दाखवले. घरातील भाषा, पुस्तके, अभ्यासाला मिळणारा निवांत कोपरा आणि अडलेले गणित समजावणारे माणूस यांमुळे गुणांमध्येच जो फरक पडतो, तो पहिला थर. गुण सारखे असूनही पुढची निवड वेगळी होते, तो दुसरा. आपले दोन्ही विद्यार्थी या दुसऱ्या थराचे उदाहरण आहेत आणि म्हणूनच “हुशारीचा प्रश्न आहे” हे नेहमीचे उत्तर येथे लागू पडत नाही.

रिचर्ड ब्रीन आणि जॉन गोल्डथॉर्प या समाजशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये या निवडीमागील तर्क मांडला. त्यांच्या मते, आपले मूल आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर जाऊ नये, ही काळजी सगळ्याच घरांत सारखी असते. फक्त ती काळजी मिटवायला लागणारे शिक्षण सारखे नसते. डॉक्टरच्या मुलाला वडिलांची पायरी टिकवायची तर दीर्घ शिक्षणावाचून गत्यंतर नाही, तर कारागिराच्या मुलाला दोन वर्षांचा अभ्यासक्रमही तेवढ्यापुरता पुरतो. त्यात अपयशाची किंमत मिळवा. पहिल्या घरात वाया गेलेले वर्ष म्हणजे थोडी नाचक्की आणि पुन्हा एक प्रयत्न. दुसऱ्या घरात तेच वर्ष म्हणजे फेडायचे कर्ज आणि न आलेली कमाई.

पैशाइतकीच माहितीही वारशाने मिळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, म्हणजे घरातूनच मिळणारी जाण, भाषा आणि सवयी, ते प्रवेशाच्या खिडकीपाशी उघड्या डोळ्यांनी दिसते. अशा एका रांगेत मी पाहिलेला मुलगा पसंतीक्रमाचा अर्ज गुडघ्यावर ठेवून भरत होता आणि मागच्या अनोळखी मुलाला विचारत होता, “यात पहिलं काय लिहायचं?” त्या मागच्या मुलाच्या हातात घरच्यांनी आदल्या रात्री तयार केलेली, खाडाखोड करून पक्की केलेली यादी होती. दोघांच्या अर्जांवरील गुणांचा रकाना पाहून हा फरक कोणालाही कळला नसता.

आता शाळेविषयी. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी काही मुले निवडून, ती लवकरच चमकतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. वर्षअखेरीस लहान वर्गांतील अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीतील प्रगती इतरांपेक्षा अधिक दिसली. पुढील संशोधनात हा परिणाम बराच लहान आढळला, त्यामुळे त्याचे स्तोम माजवू नये. परंतु अपेक्षा अगदीच निरुपद्रवी नसतात, एवढे खरे. या दोन विद्यार्थ्यांनी “पुढे काय करू?” असे विचारले, तेव्हा आपण दोघांना एकच उत्तर दिले होते का, हे कृपया आठवून पाहावे. (व्यवसाय अभ्यासक्रम कमी प्रतीचा, असे मी म्हणत नाही. तो निवडलेला असावा, उरलेला नसावा.)

वडिलांशी पुन्हा बोलाल तेव्हा शिक्षणाचे महत्त्व सांगू नका, ते त्यांना ठाऊक आहे. एकूण खर्च किती, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता केव्हा हाती येतो, मधेच सोडावे लागले तर हाती काय उरते आणि व्यवसाय अभ्यासक्रमानंतर पदवीकडे वळता येते का, हे कागदावर लिहून द्या. शक्य झाल्यास तशाच घरातून पुढे गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याची गाठ घालून द्या. त्याचे अर्ध्या तासाचे बोलणे आपल्या-माझ्या उपदेशापेक्षा अधिक कामी येईल.

प्रश्न : शाळा उत्तम असेल, तर घरचा फरक पुसला जातो का?

उत्तर : पूर्णपणे नाही. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिच्या १९६६ च्या अहवालात, इमारती आणि साधनसामग्री यांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा संबंध गुणांशी कितीतरी अधिक असल्याचे आढळले. या अहवालाचा आधार घेऊन “मग शाळांवर खर्च कशाला?” असे विचारणारे तेव्हाही होते. ते त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष विसरतात : सोबतचे विद्यार्थी कोणत्या घरांतून आले आहेत, याचाही गुणांशी संबंध दिसला आणि वंचित घरांतील मुलांच्या बाबतीत तो अधिक होता. तेव्हा शाळा किती चांगली, याबरोबरच तिथे कोणाची मुले कोणाशेजारी बसतात, हेही विचारायला हवे.