रत्नागिरीचा आकडा वाचताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. रत्नागिरीची लोकसंख्या घटली, हे तुझं म्हणणं खरं आहे. 2001च्या जनगणनेत 16,96,777 माणसं होती, 2011मध्ये 16,15,069 उरली. पण लगेच पुढच्या ओळीत ‘कोकणात जन्म कमी झाले’ असं तू लिहितेस, तिथे माझी हरकत आहे. जन्म घटले, मृत्यू वाढले की माणसं उठून गेली, हे एकूण बेरजेतून कळत नाही.

2011मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात 929. तू त्यात स्त्रियांचा मान पाहिलास. मग सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तक्ताही उघड. तिथे मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत! फरक पडतो तो पुढे, कमावत्या वयात, कारण मुलगे मुंबई-ठाण्याला जातात. गणपतीत गाव भरलेलं दिसतं, पण चाकरमान्यांची गणना ते राहतात तिथेच होते. म्हणून वय आणि लिंग वेगळं केल्याशिवाय एकही निष्कर्ष लिहू नकोस.

आणि गणना कधी झाली, हे तर आधी बघ. तुलनेसाठी तू बीड घेतलंयस, म्हणून मुद्दाम सांगतो. 2011ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. तेव्हा ऊसतोड जोरात असते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेलं तिथलं जोडपं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातं आणि हंगाम संपल्यावरच परततं. नियम असा, की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे नवरा-बायको उसाच्या फडाजवळच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत), आणि आजी-आजोबा गावात. कागदावर ते गाव आहे त्याहून म्हातारं दिसतं. अशा गावात शाळेचा हजेरीपट महिन्यागणिक लावून बघ, आईबाप तोडीला गेलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात किती मुलं राहिली तेही विचार. गावातून कोण कधी हललं, ते त्यातून कळेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण या मुलांचा पोषण आहार आणि शिक्षक याच आकड्यांवर ठरतात, म्हणून मी इतका अडून बसलोय.

2011नंतरचे जे आकडे तू वापरलेस, ते प्रक्षेपित आहेत, म्हणजे मोजलेले नाहीत, जुन्या आकड्यांवरून काढलेले अंदाज आहेत. प्रत्येक ठिकाणी तसं लिही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे, तीत जातीचीही नोंद होणार आहे. म्हणजे मोजणी पुन्हा तोडीच्याच दिवसांत. बीडच्या प्रकरणात हे आधीच नोंदवून ठेव.

आता सगळा रत्नागिरी जिल्हा नको, एकटा संगमेश्वर तालुका घे. पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा, स्त्री-पुरुष वेगळे दाखवणारा आलेख काढ आणि पाठव. स्थलांतराच्या तक्त्यात ‘लग्न’ हे कारण वेगळं ठेवायला विसरू नकोस, नाहीतर सासरी आलेल्या सगळ्या सुना नोकरीसाठी आल्यासारख्या दिसतील.

तुझा,
सर