‘हलकं काम’ म्हणजे नक्की किती हलकं?

तुमच्या भावाच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फक्त हलकं काम’ लिहिलंय आणि कंपनी म्हणते, आमच्याकडे सगळं हलकंच आहे. मग हलकं ठरवतात कसं, असा तुमचा प्रश्न.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ सेफ्टीत. पगाराच्या कागदावरचं अकुशल-अर्धकुशल-कुशल आधी डोक्यातून काढा. ते कौशल्याचं माप, कंबरेचं नाही.

अमेरिकेच्या श्रम खात्याच्या व्यवसायकोशात, म्हणजे त्याच्या १९९१च्या आवृत्तीत, पाच पायऱ्या आहेत: बैठं, हलकं, मध्यम, जड, अतिजड. हलकं म्हणजे अधूनमधून फार तर ९ किलो, वारंवार उचलायचं तर साडेचार. ‘अधूनमधून’ म्हणजे पाळीच्या एक तृतीयांश वेळेपर्यंत, ‘वारंवार’ म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत. जड काम ४५ किलोला संपतं, त्यामुळे लासलगावला ५० किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेणारा हमाल थेट शेवटच्या पायरीवर जातो. आणि वजन काहीच नसेल पण पाळीभर उभं राहायचं असेल, तर ते बैठं धरत नाहीत, हलक्यात धरतात. आपल्याकडची चिठ्ठी हा कोश उघडून लिहिलेली नसते, पण एचआरसमोर बसताना आकडे हाताशी असलेले बरे.

नुसत्या किलोवर मात्र जाऊ नका. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या तिथल्याच निऑश या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र आहे. सगळं अनुकूल असेल तर २३ किलो, आणि तिथून कापत जायचं: वाकावं लागतं, अंग पिळावं लागतं, ओझं शरीरापासून लांब धरावं लागतं, मिनिटाला किती वेळा उचलावं लागतं. आमच्याकडे ८ किलोचा ट्रे होता. टेबलावरून घेतला तर काहीच नाही. पण तो जमिनीवरच्या पॅलेटवरून घ्यायचा, दर खेपेला कंबरेत वाकून.

माझी एक चूक सांगतो. कंबर धरलेल्या एका हेल्परला मी फायनल इन्स्पेक्शनला बसवला. खुर्ची, पंखा, हातात दहा ग्रॅमचा रबरी सील. आठ दिवसांत आला, ‘साहेब, मला परत लोडिंगला टाका.’ भिंगाखाली मान घालून दिवसाला दोन हजार सील बघायचे, एक खराब सुटला की कस्टमरची तक्रार आणि सगळ्यांसमोर नाव. रात्री डोळे मिटले तरी सीलच दिसायचे त्याला. मी किलो मोजले होते, डोक्यावरचा भार मोजलाच नव्हता.

तो मोजायला नासाची १९८८ साली प्रसिद्ध झालेली पद्धत वापरतात. सहा गोष्टी विचारतात: डोक्याला ताण, अंगाला ताण, वेळेची घाई, काम किती जमलं, किती जोर लावावा लागला, चिडचिड किती झाली. उत्तर साहेब देत नाही, काम करणारा देतो. मला यातलं हेच आवडतं.

तुम्ही एवढं करा. भावाला एक पूर्ण पाळी वहीत टिपायला सांगा: काय उचललं, किती वेळा, किती वेळ उभा, किती वेळ बसून. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘हलकं काम’ खोडून किलो, खेपा आणि तास लिहून घ्या. त्या हेल्परला शेवटी टूल स्टोअरला टाकला, हवं तेव्हा उठायचं, हवं तेव्हा बसायचं. आणि हो, वहीत उंची टिपायला विसरू नका, ट्रे जमिनीवर असतो की टेबलावर.