सायकलवरून पडून पायात इन्फेक्शन झालंय, विमा नाही. बेळगावात उपचाराचा खर्च कसा भागवू?

तुम्ही लिहिलंय की शिनोळीला कामावर सायकलने जाताना बाचीजवळ टिप्परला साइड देताना पडलात. गुडघ्याखाली सोललं, घरीच हळद लावली, आणि आता पोटरी लाल होऊन सुजलीय, अंगात कणकण आहे. खाजगी दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हा म्हणाले, आधी डिपॉझिट मागितलं, म्हणून तुम्ही घरी परत आलात. माझं सांगणं एकच आहे. पैशांची जुळणी होईपर्यंत थांबू नका, आजच सिव्हिलला जा.

या दुखण्यात पैसा जातो तो मुख्यतः उशिरामुळे. जंतू कातडीखाली शिरून पसरले की त्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. सुरुवातीला ते बहुतेक वेळा गोळ्यांवर बरं होतं. ताप चढला, लाली वर सरकली की सलाईनमधून अँटिबायोटिक लागतं. आत पू धरला तर नुसत्या औषधाने भागत नाही, चिरून काढावा लागतो, मग रोजचं ड्रेसिंग आणि बुडालेला रोजगार. त्यामुळे डिपॉझिटच्या भीतीने काढलेला प्रत्येक दिवस पुढचं बिल वाढवतो.

जाण्याआधी बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारून ठेवा आणि बाजूला वेळ लिहा. लाली रेघेबाहेर किती गेली हे बघून डॉक्टरांना औषध लागू पडतंय का ते कळतं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली थोडी पुढे जाऊ शकते, त्याने घाबरू नका. पण दोन दिवसांनीही उतार नसेल तर पुन्हा दाखवायलाच हवं. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. दुखण्याच्या गोळीने ताप आणि ठणका दबतो आणि आतलं वाढलेलं समजत नाही.

आणि हे नीट वाचा. दिसते त्या जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल, कातडी काळी-जांभळी पडत असेल, फोड येत असतील, दाबल्यावर कातडीखाली चुरचुरत असेल, हुडहुडी भरत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. 108 ला फोन करा आणि थेट इमर्जन्सीत जा. तिथे तासांचा हिशोब असतो.

मी डॉक्टर नाही, पण हे मी भोगलंय. एका पावसाळ्यात जांबोटी रस्त्यावरून येताना पडलो, घोट्याची जखम चिघळली. खाजगीत मागितलेलं डिपॉझिट माझ्या महिन्याच्या पगाराएवढं होतं. तिथून उठून मी सिव्हिलला गेलो. केसपेपरला रांग होती, बाकावर बराच वेळ बसावं लागलं, वॉर्डात गर्दी होती. पण सिव्हिल म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेला जिल्हा दवाखाना. तिथे सर्जरीचे डॉक्टर असतात, शिकाऊ डॉक्टर रात्रीही वॉर्डात असतात. माझी जखम धुतानाच आत रुतलेली खडी निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, साखर तपासली. साखर तपासून घ्याच, कारण कितीतरी जणांना मधुमेह असल्याचं अशा न भरणाऱ्या जखमेमुळेच कळतं. शहरात राहायला असाल तर नम्म क्लिनिक आणि गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, दोन्हीकडे पुढचं ड्रेसिंग फुकट होतं. त्यासाठी रोज बेळगावला यायची गरज नाही.

सोबत आधार कार्ड आणि रेशन कार्ड घ्या. आपल्याकडे ‘विमा नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच घरांना आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजना लागू असते, त्यांना ते ठाऊक नसतं इतकंच. बीपीएल कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचा इलाज बसतो. एपीएल असेल तर सरकारने ठरवलेल्या पॅकेजच्या 30 टक्के रक्कम सरकार भरतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. अट अशी की आधी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे सोय नसेल तर ते रेफरल चिठ्ठी देतात आणि त्या चिठ्ठीवर योजनेतल्या खाजगी दवाखान्यात जाता येतं. इमर्जन्सीला चिठ्ठी लागत नाही. म्हणजे खाजगीत आधी अ‍ॅडमिट होऊन मग योजना शोधणं उलटं पडतं, आणि सिव्हिलपासून सुरू करा म्हणायचं हेही एक कारण. फॉर्म कानडीत असतात. वाचता येत नसेल तर वाचणारं कोणी बरोबर न्या, किंवा काउंटरवर सरळ विचारा. मराठीत बोललं की उत्तर देणारं माणूस तिथे भेटतंच, हा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्राच्या योजनेचंही तुम्ही विचारलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, हे खरं. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला आणि बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनाने बंद पाडली, हेही खरं. सीमेवरच्या माणसाच्या आजारपणात राजकारण आडवं यावं याचा मला मनापासून राग येतो. पण आज तुमचा पाय सुजलाय. त्या वाटेने जायचं तर गाव यादीत असल्याचे कागद घेऊन कोल्हापूरकडच्या योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटावं लागेल, आणि तेवढा वेळ आत्ता तुमच्याकडे नाही. पुढे मोठं ऑपरेशन निघालं तर तो विचार करा.

पगाराची पावती मात्र आजच काढून बघा. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असेल, तर तुम्हाला विमा आहे. कामावर जाताना-येताना झालेला अपघातही ईएसआयमध्ये कामावरचाच धरला जाऊ शकतो. सुपरवायझरला फोनवर सांगून थांबू नका, पडल्याची तारीख, वेळ आणि जागा लिहून द्या. घरात कोणी सहकारी सोसायटीचं सभासद असेल तर यशस्विनी या सभासदांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढलंय का तेही विचारा.

टिप्परचा धक्का लागला होता की तुम्ही नुसते बाजूला होताना घसरलात, हे तुम्ही लिहिलं नाही. धक्का लागला असेल तर पोलिसांत नोंद करा आणि दवाखान्यात अपघाताची केस म्हणूनच लिहायला सांगा. सायकलवाल्याला विमा नसला तरी टिप्परला थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याला झालेल्या इजेचा) असायलाच हवा, आणि भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. जागा बाचीच्या अलीकडे की पलीकडे हे नीट आठवा. शिनोळी महाराष्ट्रात येतं, त्या हद्दीत असेल तर प्रकरण चंदगड पोलिसांकडे जातं. 2025 पासून वाहन अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखापर्यंतची कॅशलेस योजनाही आहे, पण ती अपघातापासून सातच दिवस चालते.

समजा खाजगीतच जावं लागलं, तर पैशाचं डॉक्टरांशी आधीच स्पष्ट बोला, त्यात लाज कसली? सलाईनचं औषध रोज येऊन घेऊन घरी जाता येईल का, की राहणं गरजेचंच आहे? जनरल वॉर्ड मिळेल का? कुठली तपासणी आत्ताच हवी आणि कुठली थांबू शकते? औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा, तेच औषध तिथे खूप स्वस्त मिळतं. बिल बाबवार मागा, आणि सवलतीचा अर्ज डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच द्या, पैसे भरून झाल्यावर कोणी ऐकत नाही. कमी पडलं तर कारखान्यातून उचल घ्या, भिशी आधी उचलायला मिळते का बघा, नाहीतर पतसंस्थेत सोनं ठेवा. मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे आणि सावकाराकडे मात्र जाऊ नका. जखम भरते, ते व्याज भरून संपत नाही.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जो अपघात विमा मिळतो, तो मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलाला त्याचा उपयोग नाही. बरे झालात की घरातल्यांसाठी साधी आरोग्य पॉलिसी बघा. आजारांना सुरुवातीचे 30 दिवस थांबावं लागतं, अपघात सहसा पहिल्या दिवसापासून धरतात.

बरं वाटलं तरी अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढा पुरा करा. जखमेवर नवी कातडी येईपर्यंत सायकल नको. त्या रस्त्याची धूळ आणि चिखल ओल्या जखमेला चालणार नाही, तोवर बसने जा.