ट्रिगरमधली मींड

गेमच्या कंट्रोलरवर मी कार्यक्रमात कशी वाजवते, हे गेल्या अंकात याच पानावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. पहिलं मींडेबद्दल आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता सरकत जाण्याबद्दल.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा वर्षं सतार शिकतोय. जुना प्लेस्टेशन 4 चा कंट्रोलर ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला आणि डाव्या अंगठ्याच्या स्टिकवर मींड लावली. खाली एक सप्तक, वर एक सप्तक. पण सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि अंगठा काढला की झटकन मूळ जागी येतो. कधी कधी तर हात न लावताही थरथरतो. कंट्रोलर खराब आहे का? गॅदरिंगला दीड महिना आहे.

कंट्रोलर ठीक असावा. तू त्याला जे काम दिलं आहेस, ते स्टिकचं नाही.

आधी पायऱ्यांचं बघू. या कंट्रोलरची स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 0 ते 255 एवढेच आकडे देते. एका सप्तकात बारा सेमीटोन असतात. एका सेमीटोनचे शंभर भाग केले की एकेका भागाला सेंट म्हणतात. दोन सप्तकं म्हणजे 2400 सेंट. ते 256 पायऱ्यांत वाटले तर एक पायरी नऊ सेंटच्या वर जाते. मधल्या सॉफ्टवेअरने ते आकडे मिडीच्या (वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा) साध्या कंट्रोल संदेशात बसवले असतील, तर तिथे 0 ते 127 एवढीच जागा असते आणि पायरी एकोणीस सेंटच्या आसपास पोचते. श्रुती म्हणजे कानाला कळणारा सुरातला बारीक फरक. त्यातली प्रमाणश्रुती बावीस सेंटची. म्हणजे तुझी एकेक पायरी जवळजवळ श्रुतीएवढी आहे. सहा वर्षं सतार ऐकलेल्या कानाला ते खटकणारच, आणि खटकलं याचा मला आनंद आहे.

आता सूर परत येण्याबद्दल. स्टिकच्या आत स्प्रिंग आहे आणि तिचं कामच मध्यावर परतणं हे आहे. गेममध्ये अंगठा उचलला की माणूस चालायचा थांबला पाहिजे, म्हणून ती तशी बनवलेली असते. नव्याने वाजवू लागलेले बहुतेक जण या स्प्रिंगशी भांडतात. मीही पहिलं वर्षभर भांडले. मग एकदा सतारीचा रियाज करताना स्वतःच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. बाजाची, म्हणजे मुख्य तार पडद्यावर दाबून खेचली की सूर चढतो, सैल सोडली की पडद्याच्या सुरावर परत येतो. तार खेचून सूर फक्त चढवता येतो, पडद्याच्या खाली नेता येत नाही. अवरोही मींड घ्यायची तर आधी तार खेचून ठेवायची, मग आघात करायचा आणि मग सोडत यायचं. परत येणारा सूर आपल्याला परका नाहीच. फक्त तो एकाच बाजूने परततो.

कंट्रोलरवर एकाच बाजूने जाणारी आणि शून्यावर परतणारी गोष्ट म्हणजे मागचा ट्रिगर, तर्जनीने दाबायचा खटका. मींड डाव्या ट्रिगरवर, एल 2 वर लाव. पूर्ण दाबल्यावर सूर सात सेमीटोन चढेल, म्हणजे सा वरून प पर्यंत, एवढं ठेव. सातशे सेंट 256 पायऱ्यांत वाटले की एक पायरी तीन सेंटच्या आत येते. मात्र हे मिडीच्या पिच बेंडवरच, म्हणजे सूर वाकवण्याच्या संदेशावरच पाठव. त्यात 14 बिट असतात, वरच्या अर्ध्या भागातच आठ हजारांहून अधिक पायऱ्या बसतात, त्यामुळे तिथे काही हरवत नाही. ज्या सिंथवर (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र) वाजवशील त्याची बेंड रेंजही सातवर न्यायला विसरू नकोस. ती बहुधा दोनवर असते आणि मग प ऐवजी रे वरच मींड संपते. दोन आकड्यांमधलं अंतर पंधरा-वीस मिलिसेकंदांत सरकत भरून काढलं की उरलेल्या पायऱ्याही जातात. मी हे प्युअर डेटामध्ये करते. मिलर पकेट यांनी 1990 च्या दशकात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

ट्रिगरची पहिली थोडी चाल फार हलकी असते, बोट नुसतं टेकलं तरी सूर हलतो. म्हणून मिळालेल्या आकड्याचा वर्ग करून वापर, अर्थात 0 ते 1 च्या मापात आणून. सुरुवात सावकाश होते, पुढे वेग येतो. दरबारी रागाचा कोमल गंधार मी असाच घेते : रिषभावर उभं राहायचं, ट्रिगर थोडासा दाबायचा आणि स्प्रिंगला बोट मागे ढकलू द्यायचं, पुन्हा दाबायचं. आंदोलनाचा, म्हणजे सुराच्या संथ झुलण्याचा, परतीचा अर्धा भाग स्प्रिंग करते. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत तेवढा एकच सूर घोळवत बसले होते.

मग स्टिकवर काय ठेवायचं? दिशा. आठ दिशा, सा ते तार सा आठ सूर. अर्ध्याच्या पुढे ढकलली तरच सूर बदलेल आणि मध्यावर आली की शेवटचा सूर कायम राहील, असं मांड. तुझी थरथरही याने आपोआप जाईल. आतल्या पोटेन्शिओमीटरचा (स्टिकची जागा मोजणारा भाग) कार्बनचा पट्टा वापरून झिजतो आणि मध्य थोडा सरकतो, जुन्या कंट्रोलरचं हे नेहमीचं दुखणं आहे. पण मध्याकडे लक्षच दिलं नाही तर ते ऐकू येत नाही. आघात उजव्या हाताच्या बटणांवर घे, एकावर दा आणि एकावर रा हे सतारीचे बोल. सतारीसारखंच, मींड डावीकडे आणि मिजराब (नखी) उजवीकडे. तुझ्या हातांना नवीन काही शिकवावं लागणार नाही.

एक खरी उणीव आहे. ही बटणं फक्त दाबलं की नाही एवढंच सांगतात, किती जोरात ते सांगत नाहीत. प्लेस्टेशन 2 च्या कंट्रोलरची बटणं दाबही मोजत असत, म्हणून जुन्या बाजारात ते चांगल्या स्थितीत दिसले की मी घेते. तुझ्याकडे उजवा ट्रिगर मोकळा आहे. आघाताच्या क्षणी तो जेवढा दाबलेला असेल तेवढा आवाज, असं ठरव. तर्जनी आणि अंगठ्याचा मेळ बसायला दहा-बारा दिवस लागतील.

आणि ब्लूटूथ नको. तीन वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये मी झाल्याला, म्हणजे शेवटच्या द्रुत भागाला पोचले असताना कंट्रोलरचा संपर्क तुटला. समोर पाचशे माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि ब्लूटूथ त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या गर्दीत चालतं. सूर बंद करण्याचा संदेश पोचलाच नाही, त्यामुळे वरचा नि तसाच कोकलत राहिला आणि मी लॅपटॉपवर वाकून तो थांबवेपर्यंत लोक वळून एकमेकांकडे बघायला लागले होते. साथीला बसलेल्या तबलजींनी ठेका धरून ठेवला, म्हणून मैफल तरली. त्या दिवसापासून मी यूएसबीची तार लावते, लांब आणि पायाशी चिकटवलेली. शिवाय ऑप्शन्सच्या बटणावर मिडीचा 123 क्रमांकाचा संदेश बसवला आहे. तो सगळे सूर एकदम बंद करतो. तूही आधी ते बटण लाव, मग बाकीचं.

दाबल्यापासून ऐकू येईपर्यंत दहा मिलिसेकंदांच्या आत राहायचं असं धर. हवेत आवाजाला साडेतीन मीटर जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ऑडिओचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठतो ती जागा) 128 सॅम्पलवर ठेवलास, तर सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या दराने तिथे तीन मिलिसेकंदही जात नाहीत. लॅपटॉप दमला आणि आवाज तडकू लागला तर 256 कर.

दीड महिन्यात मांडणी एकदाच ठरव आणि पहिल्या आठवड्यानंतर तिला हात लावू नकोस. बटणांची कामं रोज बदलणाऱ्याचा रियाज होतच नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीचा. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. माझा मुलगा गेमच्या रिमोटवर वाजवतो आणि मनापासून वाजवतो. पण लोक म्हणतात, पोरगं स्टेजवर गेम खेळतंय. माझ्याही मनात येतं, हे वाद्य म्हणायचं का?

दादा, तुमच्या भागात गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी असतेच. त्या बेंजोचं मूळ तैशोगोतो. 1912 मध्ये जपानच्या नागोयात टाइपरायटरसारखी बटणं लावून बनवलेलं तारवाद्य. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर लागले. आज त्याच्या आवाजावर अख्खा रस्ता नाचतो. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपातून आली आणि आकाशवाणीवर 1940 पासून तीस वर्षं तिला बंदी होती. तुमचा हा काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड पहिल्यांदा आला 1985 मध्ये. तो नवा होता तेव्हा ढोलकीवाल्यांनी काय म्हटलं असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. वाद्य कुठून आलं यावर ते वाद्य ठरत नाही. त्यावर सूर-लयीची जबाबदारी कुणी घेतली, यावर ठरतं. तुमच्या पत्रातल्या ‘मनापासून’ या शब्दातच मला उत्तर दिसलं.

पण लोकांची तक्रार मी उडवून लावणार नाही. तुम्ही पॅडवर काठी मारता तेव्हा ती दिसते आणि त्याच क्षणी आवाज येतो. कंट्रोलरवर अंगठा सेंटीमीटरभर हलतो, शेवटच्या रांगेला काहीच दिसत नाही, आणि आवाज येतो भलत्याच कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 2008 मध्ये गे वांग यांनी लॅपटॉपवाल्यांचा वाद्यवृंद उभा केला. त्यांनी या दोन्ही अडचणींना हात घातला. ते गेमट्रॅक नावाचं यंत्र वापरतात. मुळात ते व्हिडिओ गेम खेळण्यासाठी निघालं होतं. पायाशी एक पेटी, तिच्यातून बाहेर ओढता येणाऱ्या दोन दोऱ्या, एकेक हाताला. हात कुठल्या दिशेला आणि किती लांब गेला ते दोरी सांगते. वादक हात वर नेतो, दोरी ताणली जाते आणि सूर चढतो. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो ताण दिसतो. दुसरं म्हणजे प्रत्येक वादकाजवळ त्याचा स्वतःचा अर्धगोल स्पीकर असतो. ते त्यांनी सॅलडच्या लाकडी वाडग्यांत गाडीचे स्पीकर बसवून बनवले होते. जो वाजवतो, त्याच्याच जागेवरून ऐकू येतं.

म्हणून दोन गोष्टी करा. मुलाचा एक स्पीकर त्याच्या शेजारीच ठेवा. आणि त्याला टेबलामागे बसवू नका. उभा राहू दे, कंट्रोलर छातीसमोर धरू दे. कंट्रोलर कलवल्याचंही माप त्याला मिळत असेल तर आवाज मिटवणारा-उघडणारा फिल्टर त्यावर लावू दे, म्हणजे आवाज उघडताना हात उघडलेला दिसेल.

तिसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमच्या ऑक्टोपॅडच्या मागे मिडी आउटचं भोक आहे. तिथून त्याच्या लॅपटॉपपर्यंत एक केबल टाका. ठोका तुमचा, त्या ठोक्याचा रंग तो बदलेल. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत वाजवताना लोकांनी पाहिलं की तो गेम खेळतोय असं कुणी म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. दहा वर्षांची मुलगी तबला शिकते. घरात निंटेन्डो वी या गेमयंत्राचा जुना रिमोट आहे, तो हलवून संगीत करायचं म्हणते. करू द्यावं, की तबला आधी पक्का होऊ द्यावा?

करू द्या, तबल्याच्या जोडीनेच. 2006 साली आलेल्या त्या रिमोटमध्ये तीन दिशांचा अ‍ॅक्सिलरोमीटर आहे आणि तो ब्लूटूथने लॅपटॉपला जोडता येतो. हात कुठे आहे हे तो सांगत नाही, हाताला बसलेला झटका आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो. एवढं तालासाठी पुरतं. टाळी देताना हात खाली येऊन थांबतो, त्या थांबण्याचा झटका लॅपटॉपला कळतो. तिथे बायाचा, म्हणजे डग्ग्याचा आवाज लावा. खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेला, ती तळवा उलटा करते. तेव्हा रिमोटही उलटा होतो, आणि वर-खाली कुठे हे त्याला गुरुत्वाकर्षणावरून समजतं. नवव्या मात्रेला बाया गप्प राहील आणि फक्त चाटीचा (तबल्याच्या कडेचा) आवाज येईल, असं मांडा. तीनताल हातावर धरताना खाली चुकली तर तिला ती लगेच ऐकू येईल. रिमोटची मनगटाची दोरी मात्र घट्ट बांधा, द्रुत लयीत तो हातातून सुटतो.